चारचौघांत मन मोकळं करायचं?

समुपदेशकाने ‘ग्रुप थेरपी घ्या’ म्हटलं की बहुतेकांच्या कपाळावर आठी पडते. घरच्यांना जे सांगत नाही, ते सात-आठ अनोळखी लोकांना काय म्हणून सांगायचं? धास्ती खरी आहे, पण तिच्यामागे बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : सगळ्यांसमोर सगळं सांगावं लागतं.

भावना हाताळायला शिकवणाऱ्या गटात आपली कहाणी सांगायची सक्ती नसते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनहान यांची ‘डीबीटी’ (डायलेक्टिकल बिहेव्हियर थेरपी) पद्धत घ्या. तिचा गट शिकवणीच्या वर्गासारखा चालतो : आठवड्यातून एकदा, साधारण दोन-अडीच तास, सुमारे २४ आठवडे. विषय चार : सजगता, असह्य वेळ निभावून नेणं, भावनांचं नियमन आणि नातं न तोडता आपलं म्हणणं मांडणं. गृहपाठही असतो. राग कशाने आला, तेव्हा अंगात काय जाणवलं, मनात काय आलं, आपण काय केलं, हे लिहून आणायचं आणि पुढच्या बैठकीत त्यावर बोलायचं. उपायही अगदी व्यवहारी. भावना अनावर झाली, तर श्वास रोखून चेहरा गार पाण्यात धरायचा. हृदयाचे ठोके मंदावतात आणि डोकं थोडं ताळ्यावर येतं. हृदयविकार असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

गैरसमज : स्वस्त, म्हणून दुय्यम.

सुरुवात पैशाच्या अडचणीतूनच झाली, हे खरं. १९०५ मध्ये बोस्टनच्या डॉ. जोसेफ प्रॅट यांनी सॅनेटोरियम न परवडणाऱ्या क्षयरोग्यांना एकत्र बसवून शिकवायला घेतलं. पण पुढच्या तुलनात्मक अभ्यासांत अनेक मानसिक तक्रारींसाठी गटातले आणि एकट्याने घेतलेले उपचार जवळपास सारखेच गुणकारी ठरले. शिवाय ‘हे माझ्या एकटीचंच नाही’ हा दिलासा गटातच मिळतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी गटाला गुण आणणारे जे ११ घटक मांडले, त्यांत हाही आहे. आवाज न चढवता सासूला ‘नाही’ म्हणायचा सराव करायचा, तर समोर सासू व्हायला कुणीतरी लागतंच की!

गैरसमज : सगळ्या वयांना एकच साचा.

लहान मुलं खेळातून, चित्रांतून शिकतात. किशोरवयीनांच्या डीबीटी गटात बऱ्याचदा आईवडीलही बसतात आणि तीच कौशल्यं शिकतात. माझ्या मते ही सोय मोठ्यांसाठीच जास्त गरजेची. सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांसाठी आठवड्यातून दोनदा, अशा १४ बैठकांचा गटउपक्रम आहे. त्यात गप्पा, गाणी आणि शब्दखेळ असतात.

गैरसमज : बोललेलं बाहेर फुटणारच.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार करणाऱ्यांवर गोपनीयतेचं बंधन घातलं आहे. जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडून. गटातले इतर सदस्य मात्र दिलेल्या शब्दानेच बांधलेले असतात. म्हणून ओळखीचं कुणी गटात दिसलं, तर संकोच न करता दुसरा गट मागा.

शेवटी एक सावधगिरी. आत्महत्येचे विचार तीव्र असतील किंवा भास होत असतील, तर गटाची वाट पाहू नका. आधी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतूनही मिळते.