आधी वही, मग डायपर

मणक्याला मार बसला की सगळे पायांची चौकशी करतात, मूत्राशयाची कुणी करत नाही. माणूस पुन्हा घराबाहेर पडेल की नाही, हे मात्र पायांइतकंच त्यावर ठरतं. माझा धाकटा भाऊ झाडावरून पडला आणि त्याची कमरेखालची जाणीव गेली. मूत्राशय भरल्याचं त्याला कळेना. कपडे ओले झाले की समजायचं.

पुनर्वसन विभागातल्या सिस्टरांनी डायपरआधी वही आणायला लावली. पाणी किती वाजता आणि किती प्यायलं, लघवी किती झाली, कपडे कधी ओले झाले, सगळं मापाच्या भांड्यानं मोजून लिहायचं. त्यावरून वेळा ठरल्या : दर चार ते सहा तासांनी नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं. ही पद्धत अमेरिकेतल्या डॉ. जॅक लॅपिडीस यांनी १९७२ साली मांडली. साबणानं धुतलेले हात आणि स्वच्छ नळी असली की घरीही जमते. सिस्टरांनी भावाचाच हात धरून शिकवलं. जेली लावायची, नळी सावकाश सरकवायची, लघवी आली की आणखी थोडी आत, आणि धार थांबेपर्यंत घाई नाही. एका वेळी पाचशे मिलिलिटरच्या वर निघाली, तर पुढची वेळ अलीकडे घ्यायची.

शौचाचीही वेळ ठरली, न्याहारीनंतर अर्ध्या तासानं. पोटात अन्न गेलं की आतडी हलू लागतात. डायपर आता प्रवासापुरता, तोही कंबर टेपनं मोजून घेतलेला, कारण सैल असला की मांडीजवळून गळतो. ओला झाला की लगेच बदलायचा आणि आरशात कातडी पाहायची. लालसर डाग दुखत नाही, म्हणून तो नजरेनंच शोधावा लागतो. दुर्लक्ष झालं तर तिथे जखम होते.

गळतीच्या भीतीनं अनेकजण पाणीच तोडतात. त्यानं लघवी दाट होते, जंतुसंसर्ग आणि खडे मागे लागतात. वेळा पक्क्या झाल्यावर भाऊ निर्धास्त पाणी पिऊ लागला, लग्नाकार्याला जाऊ लागला.

सप्टेंबर २०२५ मध्ये डायपरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे चांगलं झालं. पण स्वस्त डायपर शिकवणीची जागा घेत नाही. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या जोडीला या वेळाही लिहिलेल्या हव्यात, आणि रुग्णानं किंवा घरच्या माणसानं सगळं करून दाखवल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये.