घोड्याचा खूर : घडण आणि काठिण्य

घोडा हा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर चालणारा प्राणी आहे. गाई-म्हशींचा खूर दुभंगलेला असतो. घोड्याच्या पायाला मात्र मधले एकच बोट उरले असून त्याच्या टोकाचे नख म्हणजेच खूर होय. माथेरानच्या तांबड्या वाटांवर प्रवाशांना नेणारा घोडा असो, मेंढपाळाचे बिऱ्हाड वाहणारे तट्टू असो वा सारंगखेड्याच्या यात्रेत विक्रीस आलेले जातिवंत जनावर असो, त्याचे मोल अखेर खुरांवर ठरते. घोडा लंगडू लागला की त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाची रोजची मिळकत थांबते. म्हणून खूर कसा घडतो आणि कठीण कसा होतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

जिवंत पेशींतून निर्जीव कवच

पायावरील केस जेथे संपतात, तेथे खुराच्या वरच्या कडेला त्वचेचा एक जाडसर पट्टा असतो. खुराची भिंत या पट्ट्यातून उगवते. तेथील तळच्या थरातील पेशींचे सतत विभाजन होत असते आणि नव्या पेशी जुन्या पेशींना पुढे, जमिनीच्या दिशेने ढकलतात. या वाटचालीत प्रत्येक पेशीत केरॅटिन या प्रथिनाचे तंतू साठत जातात. आपले केस व नखे याच प्रथिनाची बनलेली असतात. केरॅटिनमधील गंधकाचे अणू परस्परांशी जोडले जातात व त्यामुळे शेजारचे तंतू घट्ट बांधले जातात. खुराच्या काठिण्याचे हे मुख्य कारण होय. त्याच वेळी पेशींच्या दरम्यान स्निग्ध द्रव्ये व प्रथिने यांचा चिकट थर तयार होतो. हा थर पेशींना सांधतो आणि पाण्याला अटकाव करतो. अखेर पेशीचे केंद्रक नाहीसे होते, पेशी मरते आणि केरॅटिनने भरलेले तिचे चपटे कवच तेवढे उरते.

अशा असंख्य मृत पेशींची भिंत बनते. तीत रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. म्हणूनच नालेचा खिळा योग्य जागी बसल्यास घोड्याला वेदना होत नाही.

या पेशींची मांडणीही विलक्षण आहे. काही पेशी उभ्या, बारीक नलिकांच्या रूपाने रचल्या जातात, तर काही त्या नलिकांमधील जागा भरून काढतात. कुडाच्या भिंतीत उभ्या काठ्या आणि त्यांमध्ये लिंपलेली माती असावी, तसे हे दिसते. बाहेरच्या बाजूस नलिका दाट असतात आणि आत त्या विरळ होत जातात. बाहेरचा भाग कोरडा व कठीण, तर आतला ओलसर व लवचीक असतो. त्यामुळे टापेचा आघात हाडापर्यंत पोहोचताना सौम्य होतो. भिंतीच्या आतील बाजूस ५५० ते ६०० उभे पापुद्रे असून ते हाडावरील तशाच जिवंत पापुद्र्यांत गुंतलेले असतात. भिंत व हाड यांना जोडणारा सांधा तो हाच.

अति कोरडेपणाही घातक

जन्मतः शिंगराच्या खुरांवर मऊ, रबरासारखे आवरण असते. त्यामुळे घोडीच्या गर्भाशयाला व जननमार्गाला इजा होत नाही. शिंगरू उभे राहून चालू लागताच ते आवरण सुकून झडते.

पुढे मात्र खूर जितका कोरडा तितका चांगला, असे समजणे चुकीचे ठरेल. बर्ट्राम व गॉस्लिन या शास्त्रज्ञांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, पूर्ण सुकलेला खूर ताठ पण ठिसूळ असतो आणि पूर्ण भिजलेला खूर मऊ पडतो. मध्यम आर्द्रतेत तो सर्वांत चिवट राहतो. वारंवार भिजणे आणि सुकणे यांमुळे भेगा पडतात. मलमूत्रातून निर्माण होणारा अमोनिया तर केरॅटिनलाच झिजवतो.

वर्षभराचा हिशेब

खूर महिन्याला साधारणतः ६ ते १० मिलिमीटर वाढतो. वरच्या कडेला तयार झालेला भाग पुढच्या टोकाशी जमिनीला टेकण्यास ९ ते १२ महिने लागतात. म्हणजेच आज टोकाशी दिसणारा खूर गेल्या वर्षीच्या खाद्यावर व आरोग्यावर घडलेला असतो. वरून तेल चोळल्याने मृत पेशींची मूळ घडण बदलत नाही. खुराची खरी मशागत वरच्या कडेपाशी, म्हणजे पोषणातून होते. गंधकयुक्त प्रथिने, जस्त आणि बायोटिन हे जीवनसत्त्व त्यासाठी आवश्यक आहेत. कमकुवत खुरांच्या घोड्यांना रोज २० मिलिग्रॅम बायोटिन दिल्यावर सुधारणा दिसून आली आहे. परंतु तिला कित्येक महिने लागतात.

पशुपालकांनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे :

१. तबेल्याची जमीन उताराची व कोरडी ठेवावी आणि लीद रोज काढावी.

२. खुराचा तळ दररोज साफ करून खडे व घाण काढावी.

३. साधारणतः ६ ते ८ आठवड्यांनी खूर छाटून नाल नव्याने बसवावी. कानशीने भिंतीचा बाहेरचा भाग विनाकारण घासू नये, कारण सर्वांत दाट थर तोच असतो.

४. एकदम भरपूर धान्य चारू नये. त्यामुळे आतील पापुद्र्यांना सूज येऊन घोडा कायमचा अधू होऊ शकतो.

यात्रेच्या ठिकाणी ग्रामपंचायतींनी घोड्यांसाठी कोरडी, निचऱ्याची जागा राखली आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत खुरांची तपासणी योजली, तर थोड्या खर्चात मोठे नुकसान टळेल. खुराला पडलेली भेग भरून येत नाही. ती नव्या वाढीबरोबर खाली सरकते आणि छाटली जाते. म्हणून नव्या खुराची काळजी आजच घ्यावयास हवी.