संगणक नेटवर्कची मूलतत्त्वे : पॅकेट, पत्ता आणि दोषशोध

प्रस्तावना

दोन किंवा अधिक संगणक माहितीच्या देवाणघेवाणीसाठी परस्परांशी जोडले गेले म्हणजे संगणक नेटवर्क तयार होते, ही व्याख्या बहुतेक विद्यार्थ्यांना पाठ असते. त्यापुढे बस, स्टार, रिंग या रचनांच्या आकृत्या आणि ओएसआय प्रतिमानाचे सात स्तर येतात. परंतु प्रयोगशाळेतील एका संगणकावर संकेतस्थळ उघडत नसेल, तर दोष कोठे शोधावा याचे उत्तर या पाठांतरातून मिळत नाही. त्यासाठी एक मूलभूत गोष्ट लक्षात घ्यावी लागते. नेटवर्क माहिती पोहोचविण्याचा प्रयत्न करते, हमी देत नाही. हमी निर्माण करण्याचे काम दोन्ही टोकांवरील संगणकांचे असते. हे तत्त्व समजले की पॅकेट, पत्ता, राउटर आणि प्रोटोकॉल या संज्ञांचा परस्परसंबंध स्पष्ट होतो. प्रस्तुत लेखात त्याच अनुषंगाने विवेचन केले आहे.

पॅकेट पद्धती

जुन्या दूरध्वनी व्यवस्थेत संभाषण संपेपर्यंत दोन व्यक्तींमधील संपूर्ण मार्ग राखून ठेवला जात असे. बोलणारे गप्प राहिले तरी मार्ग अडकलेलाच राही. ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट पाहणाऱ्या पिढीला या पद्धतीची मर्यादा वेगळी सांगावी लागत नाही. संगणकांचा संवाद तर अधिकच तुटक असतो; क्षणभर पुष्कळ माहिती आणि नंतर बराच काळ शांतता. म्हणून १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे एकच कल्पना मांडली : माहितीचे लहान तुकडे करावेत, प्रत्येकावर पत्ता लिहावा आणि एकाच मार्गावरून अनेकांचे तुकडे जाऊ द्यावेत. या तुकड्याला ‘पॅकेट’ हे नाव डेव्हिस यांनी दिले. इथरनेटच्या एका चौकटीत सर्वसाधारणपणे १,५०० बाइट एवढा मजकूर मावतो; त्यामुळे तीन मेगाबाइटचे एक छायाचित्र दोन हजारांहून अधिक पॅकेटांत विभागले जाते.

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी अर्पानेटवरून लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे पहिला संदेश गेला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि समोरची यंत्रणा बंद पडली. भारतात १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पाद्वारे पाच आयआयटी, भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र यांसारख्या संस्था जोडल्या गेल्या. सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केली.

पॅकेट एका नेटवर्कमधून दुसऱ्यात नेणारे उपकरण म्हणजे राउटर. त्याच्याकडे येणारी पॅकेट्स त्याच्या क्षमतेपेक्षा अधिक झाली आणि रांग भरली, तर तो उरलेली सरळ टाकून देतो. हा बिघाड नव्हे. रचनाच तशी आहे.

पत्ता आणि सबनेट मास्क

नेटवर्कमधील संगणकाला दोन पत्ते असतात. पहिला मॅक पत्ता, जो सामान्यतः नेटवर्क कार्डासोबत येतो. दुसरा आयपी पत्ता, जो संगणक ज्या नेटवर्कमध्ये असेल त्यानुसार दिला जातो. व्यक्तीचे नाव गाव बदलले तरी तेच राहते, घरचा पत्ता मात्र बदलतो; तसाच काहीसा हा फरक आहे.

आयपी पत्त्याचा पहिला भाग नेटवर्क दर्शवितो आणि उरलेला भाग त्या नेटवर्कमधील संगणक. हे दोन भाग कोठे विभागायचे ते सबनेट मास्क ठरवितो. नवशिक्यांना सर्वांत अवघड वाटणारा आणि बहुधा घाईने उरकला जाणारा भाग हाच असल्यामुळे येथे उदाहरण पाहणे इष्ट ठरेल.

समजा, एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.२५ आणि मास्क २५५.२५५.२५५.० आहे. पहिले तीन आकडे नेटवर्कचे, शेवटचा संगणकाचा. त्याला १९२.१६८.१.४० शी संपर्क साधावयाचा असेल, तर पहिले तीन आकडे जुळतात; म्हणजे तो शेजारी आहे. अशा वेळी संगणक नेटवर्कवर सर्वांना उद्देशून विचारणा करतो की हा पत्ता कोणाचा, आणि उत्तरादाखल आलेल्या मॅक पत्त्यावर पॅकेट थेट पाठवितो. ग्रंथालयातील संगणकाचा पत्ता १९२.१६८.२.४० असेल, तर आकडे जुळत नाहीत. मग पॅकेट गेटवेकडे, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरकडे सोपविले जाते.

आता याच संगणकावर मास्क चुकून २५५.२५५.०.० असा भरला गेला असे मानू. आता पहिले दोनच आकडे पाहिले जातात. ते जुळत असल्यामुळे ग्रंथालयाचा संगणक शेजारीच असल्याचा समज होतो. संगणक आपल्याच प्रयोगशाळेत विचारणा करीत राहतो आणि उत्तर येत नाही. गंमत अशी की इंटरनेट मात्र व्यवस्थित चालते, कारण बाहेरचे पत्ते जुळत नसल्याने ती पॅकेट्स गेटवेकडेच जातात. दोष प्रयोगशाळेतील संगणकात आणि संशय ग्रंथालयावर, असा प्रकार घडतो.

आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा असल्याने एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्तेच शक्य आहेत. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे गट पाच विभागीय संस्थांना वाटण्यात आले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखीव असून हजारो संस्था तेच वापरतात. बाहेर जाताना राउटर त्यांच्या जागी आपला सार्वजनिक पत्ता घालतो. सहाव्या आवृत्तीतील १२८ बिटांच्या पत्त्यांमुळे या तडजोडीची गरज राहत नाही, तरीही दोन्ही आवृत्त्या आज सोबतच वापरात आहेत.

टोकांची जबाबदारी

राउटर पॅकेट टाकून देत असतील, तर फाइल अखंड कशी पोहोचते? येथे टीसीपी हा प्रोटोकॉल उपयोगी पडतो. पाठविणारा प्रत्येक तुकड्यासाठी क्रम नोंदवितो, घेणारा पोच देतो, पोच न आल्यास तुकडा पुन्हा पाठविला जातो. संभाषणासारख्या कामात उशिरा आलेला शब्द निरुपयोगी असल्याने तेथे बहुधा यूडीपी वापरतात. त्यात पोच नाही आणि पुनःप्रेषणही नाही.

मात्र पुनःप्रेषण अविचाराने केल्यास काय होते, हे ऑक्टोबर १९८६ मध्ये दिसून आले. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली येथील विद्यापीठ यांत सुमारे ४०० यार्डांचे अंतर. तेथील वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. गर्दीमुळे पॅकेट्स हरवत, म्हणून संगणक ती पुन्हा पाठवीत आणि गर्दी आणखी वाढे. १९८८ मध्ये व्हॅन जेकबसन यांनी प्रसिद्ध केलेला उपाय राउटरमध्ये नव्हता, टोकांवरील संगणकांत होता : हळू सुरुवात करावी, पोच येत गेली तर वेग वाढवावा, पॅकेट हरवल्यास तो कमी करावा. टीसीपीतील गर्दीचे नियंत्रण आजही प्रामुख्याने टोकांवरूनच होते.

दोषशोधाचा क्रम

माणसे आकडे लक्षात ठेवीत नाहीत, नावे ठेवतात. नावावरून आयपी पत्ता सांगणारी डीएनएस ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. दोष शोधताना ही कडी बहुधा विसरली जाते.

वाय-फायचे चिन्ह दिसणे याचा अर्थ जवळच्या उपकरणापर्यंत जोडणी झाली, एवढाच. त्यानंतर संगणकाचा स्वतःचा पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सेवेकडून उत्तर मिळालेले नाही आणि संगणकाने स्वतःच पत्ता घेतला आहे. इंटरनेटच्या सेवादाराकडे तक्रार करण्यात तेव्हा अर्थ नसतो. पत्ता आणि मास्क योग्य असल्यास पिंग आज्ञेने गेटवे तपासावा, नंतर ८.८.८.८ सारखा बाहेरचा पत्ता. काही ठिकाणी पिंग मुद्दाम रोखलेले असते, त्यामुळे उत्तर न येणे हा निर्णायक पुरावा मानू नये. उत्तर आले तर मात्र तेथपर्यंतचा मार्ग खुला आहे हे निश्चित. बाहेरचा पत्ता उत्तर देतो आणि कोणतेही संकेतस्थळ नावाने उघडत नाही, अशा स्थितीत केबल बदलण्यापूर्वी त्या संगणकावर भरलेला डीएनएसचा पत्ता तपासावा.