कथाकाराचा शब्द

गोष्ट ऐकावयास बसलेला मनुष्य कोऱ्या मनाने कधीच बसत नाही. आजीने ‘एक होता राजा’ एवढे म्हणताच नातवंडाच्या मनात पुढच्या गोष्टीची अंधुक आकृती उभी राहते. राजाला काही उणे असणार, कोणी तरी वनात जाणार, आणि अखेरीस सारे सुखरूप घरी परतणार, असे त्याला आपोआप वाटू लागते. यालाच आपण अपेक्षा म्हणतो. कथाकाराचे निम्मे कसब गोष्ट रचण्यात असते आणि निम्मे या अपेक्षेला योग्य वाट दाखविण्यात. हे दुसरे कसब सहसा कोणाच्या नजरेस येत नाही. चुकले म्हणजे मात्र सर्वांस कळते. त्याविषयीच येथे चार शब्द सांगावयाचे आहेत.

आपल्या पूर्वसूरींनी हे चांगले ओळखले होते. संस्कृत नाटकाच्या आरंभी सूत्रधार रंगभूमीवर येऊन नाटकाचे व कवीचे नाव प्रेक्षकांस सांगतो. कालिदासाच्या शाकुंतलात तर नटीच्या गायनाने सूत्रधार इतका मुग्ध होतो की, कोणते नाटक करावयाचे हेच तो क्षणभर विसरतो. हा केवळ विनोद नव्हे. पुढे दुष्यंत शकुंतलेस विसरणार आहे, त्या विस्मरणाचे बीज कवीने आरंभीच हळूच पेरून ठेवले आहे. प्रेक्षकास काही सांगितले असे वाटत नाही. पण त्याचे मन तयार झालेले असते.

आपल्याकडील जत्रेतील दशावतारही असाच. आरंभी गणपती येतो, सरस्वती येते, मग काळ्या वेशातील संकासुर येऊन लोकांस हसवतो, आणि नंतर मुख्य आख्यान सुरू होते. नटांच्या हाती लिहिलेले संवाद नसतात. कथानक तेवढे आधी ठरते. बोलणे आयत्या वेळी सुचेल तसे. तरीही खेळ विस्कटत नाही. कारण आपण कोणती कथा करीत आहोत, याविषयी नटांत आणि प्रेक्षकांत पूर्ण एकमत असते.

छापील पुस्तकात सूत्रधार दिसत नाही, तरी त्याचे काम चालूच असते. बाबूराव अर्नाळकरांचे नाव आणि ‘झुंजार’ हा शब्द मुखपृष्ठावर पाहताच वाचक साहसाच्या तयारीने पान उलटीत असे. रहस्यकथेत तर हा करार फार काटेकोर असतो. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने 1929 साली रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर यावा, भुताखेतांची मदत घेऊ नये, जुळे भाऊ आणावयाचे तर वाचकास त्याची पूर्वकल्पना दिलेली असावी, असे ते नियम आहेत. या शेवटल्या नियमाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. जुळे भाऊ आणण्यास नॉक्सची मनाई नाही. ते आभाळातून पडल्यासारखे येऊ नयेत, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

त्याआधी 1926 साली अगाथा ख्रिस्ती हिची रॉजर ॲक्रॉइडच्या खुनाची कादंबरी प्रसिद्ध झाली होती. तिचा शेवट मी येथे सांगणार नाही. सांगितला तर याच लेखाचा विषय मी मोडला असे होईल. तो शेवट वाचून कित्येकांनी फसवणूक झाल्याची तक्रार केली. परंतु पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचावे, तेव्हा दिसते की लेखिका कोठेही खोटे बोललेली नाही. खुणा सर्वत्र होत्या, आपणच त्यांवरून पुढे गेलो होतो. आश्चर्य आणि फसवणूक यांतील भेद तो हाच. आश्चर्याला मागे वळून पाहता कारण सापडते, फसवणुकीला सापडत नाही.

आता एका निराळ्या कथेकडे वळू. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. यात चारपाच जण एकत्र बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंगाचे वर्णन करतो. इतर प्रत्येक जण एकेक पात्र धारण करून ‘मी अमुक करतो’ असे सांगतो. आणि जेथे यशापयशाची शंका असेल तेथे वीस पैलूंचा फासा निर्णय देतो. दशावतारी नटांप्रमाणे येथेही बोलणे उत्स्फूर्त. पण आख्यानाचा शेवट मात्र कोणासच ठाऊक नसतो.

येथे अपेक्षेचे महत्त्व दुप्पट होते. वाचकाची अपेक्षा चुकली तर तो फार तर पुस्तक मिटून ठेवील; पुस्तकातील कथा बदलत नाही. खेळाडू मात्र आपल्या अपेक्षेवर विसंबून कृती करतो आणि त्या कृतीनेच पुढील कथा घडते. भिंतीवर बंदूक टांगलेली दाखविली तर ती पुढे उडालीच पाहिजे, अशा आशयाचा सल्ला रशियन लेखक चेखव याने दिला होता. खेळात याच्या उलट घडते. सूत्रधाराने सहज म्हणून कोनाड्यातील समईचे चार वाक्ये वर्णन केले, तर खेळाडू त्या समईत रहस्य आहे असे समजून अर्धा तास तीच तपाशीत बसतात. दोष त्यांचा नव्हे. अधिक शब्द म्हणजे अधिक महत्त्व, ही खूण त्यांनी बरोबर वाचलेली असते.

खेळाच्या जातीप्रमाणेही अपेक्षा बदलते. 1981 साली सँडी पीटरसन याने लव्हक्राफ्टच्या भयकथांवरून ‘कॉल ऑफ कथुलू’ हा खेळ रचला. त्यातील पात्रे साधी माणसे असतात. भयंकर दृश्य पाहिले की त्यांच्या मनःस्वास्थ्याचा अंक कमी होत जातो. राक्षसाशी झुंजण्यापेक्षा त्याच्यापासून पळणे अनेकदा शहाणपणाचे ठरते. पहिल्या खेळाची सवय असलेला खेळाडू येथे तलवार परजून पुढे सरसावला, तर त्याचा नाश ठरलेला. म्हणून कोणता खेळ खेळावयाचा आहे, हे आधी सांगणे सूत्रधाराचे कर्तव्य होय.

हे कर्तव्य मी स्वतः एकदा चुकले. गेल्या पावसाळ्यात शनिवारी शाळा सुटल्यावर नववीतील सहा मुलांना घेऊन मी असा खेळ मांडला. ‘जुन्या किल्ल्यातील खजिना शोधू या’ एवढेच मी म्हटले होते. एका मुलाने तारी होण्याचे ठरविले आणि आपली होडी, आई, धाकटी बहीण यांविषयी वहीत दोन पाने लिहून आणली. पहिल्या अर्ध्या तासातच त्याने एक दार उघडले, फाशावर हलका अंक पडला आणि मी त्याचा तारी मेला असे सांगून मोकळी झाले. त्याने वाद घातला नाही. वही मिटली. पुढच्या शनिवारी तो आला नाही. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “बाई, तुम्ही खजिन्याची गोष्ट म्हणाला होता. यात मरण आहे हे ठाऊक असतं, तर दार उघडण्याआधी मी कान लावून ऐकलं असतं.”

या एका वाक्याने मला पुष्कळ शिकविले. मुलाचे दुःख तारी मेल्याचे नव्हते. सावध होण्याची संधीच मिळाली नाही, याचे होते.

तेव्हापासून मी काही गोष्टी पाळते. खेळापूर्वी एक बैठक केवळ बोलण्यासाठी ठेवते: कथा विनोदाची की भयाची, पात्र मरू शकते की नाही, कोणास कोणता विषय नकोसा आहे, हे तेव्हाच ठरते. पुढे जे वारंवार घडणार, त्याचा एक लहानसा नमुना पहिल्याच प्रसंगात दाखविते. दारामागे संकट असेल तर दारापाशी त्याची काही खूण ठेवते, मग उघडणे न उघडणे ज्याचे त्याने ठरवावे. आणि कथा पुढे जाण्यास जो धागा अवश्य आहे तो एकाच ठिकाणी न ठेवता तीन ठिकाणी ठेवते. कारण मला जे उघड दिसते ते मुलांस दिसेलच असे नाही. तो मुलगाही परत आला. त्याच्या नव्या होडीवर आता जुन्या ताऱ्याची बहीण वल्हे मारते.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काही जण पुढच्या अंकासाठी गोष्ट लिहाल, काही जण स्नेहसंमेलनात नाटक बसवाल. वाचकास चकित अवश्य करा. परंतु पहिल्या ओळीत आपण कोणता शब्द देत आहोत, हे आधी स्वतःस विचारा. दिलेला शब्द वाकवून पाळता येतो, अनपेक्षित रीतीनेही पाळता येतो. तो मोडला मात्र, की पुढल्या वेळी दार उघडावयास कोणी येत नाही.