मधात साखर झाली म्हणून...

थंडीच्या दिवसांत फडताळातली मधाची बाटली काढावी, तर तळाशी पांढरट, रवाळ थर जमलेला! "फसवलं बघा, साखरेचा पाक मिसळून दिलाय," असं म्हणून चांगला मध मोरीत ओतणारे काही कमी नाहीत. पण हा निवाडा देण्याआधी थोडं रसायनशास्त्राचं ऐकायला हवं.

साखर गरम पाण्यात लवकर विरघळते हे आपण चहा करताना रोज पाहतो. पण ती नुसती लवकर नव्हे, जास्तही विरघळते. 100 ग्रॅम पाण्यात 20 अंश सेल्सिअसला सुमारे 200 ग्रॅम साखर मावते. तेच पाणी उकळीला आलं की जवळजवळ 480 ग्रॅम. स्फटिकात एकमेकांना धरून बसलेले रेणू सुटे करायला ऊर्जा लागते. पाण्याशी जुळताना त्यातली काही परत मिळते, पण ती पुरत नाही. उरलेली उष्णता पुरवते. द्रावण निवलं, की जादा साखर स्फटिक होऊन बाहेर पडते. खडीसाखर अशीच तयार होते.

सगळेच सेंद्रिय पदार्थ असे वागतात असं मात्र नाही. ट्रायइथिलअमाइन हा द्रव गार पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळतो, पण सुमारे 19 अंशांच्या वर पाण्यापासून वेगळा होऊ लागतो.

आता मधाकडे येऊ. मधात पाणी साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. बाकी मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज या दोन शर्करा. फ्रुक्टोज पाण्यात सहज मावते. ग्लुकोज तेवढी मावत नाही. एवढ्याशा पाण्यात ती आधीच दाटीवाटीने बसलेली असते. थंडी पडली, की तिची जागा आणखी कमी होते आणि रवे धरतात. 14 अंशांच्या आसपास हे सर्वांत झपाट्याने घडतं. त्याहून बरंच गार केलं, तर मध इतका घट्ट होतो, की रेणूंना हलताच येत नाही आणि रवे धरणं मंदावतं.

तेव्हा रवे धरले म्हणून मध भेसळीचा ठरत नाही. आणि धरले नाहीत म्हणून शुद्धही ठरत नाही. ती परीक्षा प्रयोगशाळेतच होते. आपण एवढंच करावं: बाटली चाळीसेक अंशांच्या कोमट पाण्यात ठेवावी. रवे हळूहळू विरघळतील. गॅसवर मात्र तापवू नये. त्याने मधाचा सुवास आणि त्यातली विकरं नाहीशी होतात.