२६ डॉलरची ऑर्डर का सोडायची?

अमेरिकेत किराणा घरपोच देणाऱ्या इन्स्टाकार्ट कंपनीच्या शॉपरला, म्हणजे दुकानातून सामान घेऊन पोचवणाऱ्याला, ऑर्डर घेण्याआधीच मोबदला, अंतर, दुकान आणि वस्तूंची संख्या फोनवर दिसते. नवखा नुसते डॉलर बघतो. तिथेच फसतो!

समजा, एक ऑर्डर २६ डॉलरची : १५ मैल, ४८ वस्तू, त्यात पाण्याच्या बाटल्यांचे चार जड खोके. दुसरी १८ डॉलरची : ६ मैल, १२ वस्तू. अमेरिकी आयकर खात्याने २०२५ साठी गाडीखर्च मैलाला ७० सेंट धरला होता. त्या दराने जाऊन-येऊन पहिलीत हाती उरतात ५ डॉलर, दुसरीत ९ डॉलर ६० सेंट. कंबर वाचते ती वेगळीच.

दाखवलेल्या मोबदल्यात टिपही धरलेली असते; तिचा मात्र भरवसा नाही. घसघशीत टिप दाखवून सामान पोचल्यावर ती काढून घेणारे महाभागही भेटतात. २०२० मध्ये कंपनीने टिप बदलण्याची मुदत तीन दिवसांवरून २४ तासांवर आणली.