मोबाईलवरचे चलचित्र आणि पाण्याची पाळी

मंडळी, येलदरीचे धरण आपल्या जिंतूर तालुक्यातले. पूर्णेचे पाणी तिथे अडवले आहे. ते पुढे सिद्धेश्वर धरणात जाते. तिथून कालव्याने आणि चारीने शेतात पोचते. हे पाणी सगळ्यांचे, म्हणून त्याला पाळी लागते. पाळी मोडली की शेवटचे शेत कोरडे राहते.

मोबाईलवर आपण चलचित्र बघतो, त्याचेही असेच आहे, बरं का!

चित्र येते कसे?

चलचित्र म्हणजे एकामागून एक धावणारे फोटो. एका सेकंदात पंचवीस-तीस फोटो डोळ्यांपुढून जातात. प्रत्येक फोटो बारीक ठिपक्यांचा असतो. त्या ठिपक्यांची खबर टॉवरवरून हवेतल्या लहरींनी आपल्या मोबाईलमध्ये येते. ही खबर म्हणजेच डेटा. पाणी लिटरवर मोजतात. डेटा एमबी आणि जीबीवर मोजतात. सुमारे हजार एमबी म्हणजे एक जीबी.

मधेच थांबते का?

टॉवर एक आणि मोबाईल पुष्कळ. रात्री जेवणे झाली की सगळे गाव मोबाईल घेऊन बसते. मग प्रत्येकाचा वाटा कमी होतो. टॉवर लांब असला, मधे टेकडी किंवा जाड भिंत आली, तरी लहर क्षीण होते.

मोबाईल थोडे चित्र आधीच साठवून ठेवतो. आपण रांजण भरून ठेवतो ना, तसेच. रांजण रिता झाला की पडद्यावर गोल चक्र फिरू लागते. कधी चित्र पुसट होते. तेव्हा मोबाईल बिघडला असे समजू नका. वाट अरुंद झाली म्हणून चित्र आपोआप हलके केलेले असते.

डेटा लागतो किती?

यूट्यूबवर १४४, २४०, ३६०, ७२० असे आकडे दिसतात. आकडा मोठा, तसे चित्र स्वच्छ आणि डेटा जास्त. ७२० च्या चित्रात ३६० च्या चौपट ठिपके असतात. ३६० वर तासाला सुमारे ३०० एमबी जातात. ७२० वर सुमारे एक जीबी किंवा जास्तही जातो. रोजचा दीड जीबी असेल, तर ७२० वर तो दीड तासात संपतो. ३६० वर चार-पाच तास पुरतो. तो संपला की बहुतेक योजनांत वेग इतका उतरतो, की चलचित्र चालतच नाही.

मग बिघडले कुठे?

भारत सरकारची ई-संजीवनी नावाची सेवा आहे. एप्रिल २०२० पासून तिच्यावर घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येते. डॉक्टर आपल्याला मोबाईलवर बघतात, विचारपूस करतात आणि औषधाची चिठ्ठी पाठवतात. त्याला फी नाही. आता समजा, लेकराच्या अंगावर पुरळ उठले. ते डॉक्टरांना दाखवायचे आहे. पण दिवसाचा डेटा दुपारीच नाचगाण्यात संपला. मग काय दाखवणार?

शिवाय इथे आपले चित्र टॉवरकडे पाठवायचे असते. टॉवरचा आवाज मोठा, मोबाईलचा लहान. म्हणून चित्र बघण्यापेक्षा पाठवणे अवघड जाते.

काय करावे?

१. रोजच्या बघण्याला ३६० पुरे. दात्यांच्या चाकाच्या खुणेवर बोट लावा आणि आकडा बदला.

२. एक चित्र संपले की दुसरे आपोआप लागते. ती सोय बंद करा. नाही तर माणूस झोपतो आणि मोबाईल चालूच राहतो.

३. व्हॉट्सॲपवरची चित्रे आपोआप उतरणेही बंद करा.

४. शेतीची माहिती पुन्हा पुन्हा बघायची असेल, तर पहाटे गर्दी नसताना उतरवून ठेवा. मग दर वेळी डेटा लागत नाही.

५. डॉक्टरांशी बोलताना अंगणात या. उजेड तोंडावर घ्या. मोबाईल स्थिर धरा. त्या मोबाईलवर दुसरे काही चालू ठेवू नका.

६. सर्पदंश, अपघात, अडलेले बाळंतपण असेल, तर चित्राच्या नादी लागू नका. सरळ १०८ ला फोन करा. डेटा संपला तरी साधा फोन लागतो.

करमणूक जरूर करावी. तीही माणसाला हवीच. पण शहाणा शेतकरी सगळे पाणी एकाच वाफ्यात सोडत नाही. अडीनडीसाठी थोडे राखतो. डेटाही तसाच थोडा राखावा. ज्या घरात तो राखलेला असतो, त्या घरातल्या लेकराला वेळेला डॉक्टर भेटतो.